तळाच्या गाळातली नावं

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात ‘कष्टांची नोंद’ या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



सत्राचा विषय ‘कष्टांची नोंद’ असा आहे. माझं नाव वाचून तुम्हांला वाटलं असेल की ही आता घरकामगारांच्या नोंदणीवर किंवा आशाताईंच्या मानधनावर बोलणार. ते विषय मला जवळचे आहेत, रोजचेच आहेत. पण आज मी समुद्राच्या तळाशी असलेल्या चिखलाबद्दल बोलणार आहे. त्या चिखलात सापडणाऱ्या, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या शिंपल्यांबद्दल, आणि त्यांना नवीन नाव देण्याचं काम कसं चालतं त्याबद्दल. संयोजक ताईंना मी आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, “विषयाशी जुळतंय ना, मग बोल.” जुळतंय की नाही ते तुम्ही ठरवा.

मी शास्त्रज्ञ नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि गेली बारा वर्षं कुटुंब समुपदेशनाचं काम करते. या चिखलाशी माझी ओळख झाली ती एका मैत्रिणीमुळे. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघी नोकरदार महिलांच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. ती भूशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आज ती समुद्राकाठच्या एका शहरात, एका संशोधन संस्थेत प्रकल्प साहाय्यक म्हणून काम करते. तिचं नाव मी सांगणार नाही, संस्थेचंही नाही. तिनंच तसं बजावलंय. पुढचं कंत्राट अजून मिळायचंय.

दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मी तिच्याकडं गेले होते. शनिवार होता, पण तिला काम होतं, म्हणून मीही तिच्याबरोबर प्रयोगशाळेत गेले. तिनं मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं. खाली एक काळी छोटी ट्रे, तिच्यावर चौकोन आखलेले, आणि त्यात चिमूटभर पांढरी पूड. मला वाटलं, वाळू दिसेल. दिसलं ते असं, की मी हातातला चहा विसरले. एकमेकांना चिकटलेल्या साबुदाण्याच्या दाण्यांसारखे गोळे. गोगलगायीसारखे शंख. अत्तराच्या कुप्या, लांब गळ्याच्या. एक तर हुबेहूब चिरोट्यासारखा, पदर सुटलेला.

“हे सगळे जिवंत होते?” मी विचारलं.

“एकेका पेशीचे जीव. हे त्यांचे सांगाडे,” ती म्हणाली. “तुझ्या ट्रेतले साधारण वीस हजार वर्षांपूर्वीचे असतील.”

यांना फोरॅमिनिफेरा म्हणतात. काम करणारे नुसतं ‘फोरॅम’ म्हणतात. एका पेशीचा जीव, पण स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतो. काही पाण्याच्या वरच्या थरात तरंगतात, काही तळाच्या चिखलातच राहतात. दुसरा एक गट आहे रेडिओलॅरियांचा. त्यांचे सांगाडे चुन्याचे नसतात, काचेच्या जातीच्या सिलिकाचे असतात, जाळीदार. मेल्यावर हे सगळे तळाशी जाऊन पडतात. खूप खोल समुद्रात, साडेचार-पाच किलोमीटरच्या खाली, चुना विरघळून जातो आणि सिलिकाचेच सांगाडे उरतात. हा थर इतका सावकाश साचतो की खुल्या समुद्रात हजार वर्षांत एखाद-दोन सेंटिमीटर, कुठं कुठं तर मिलिमीटरभरच. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून आजपर्यंतचा सगळा काळ माझ्या नखाएवढ्या जाडीत मावतो.

हा चिखल वर काढायला लांब नळी तळात रुतवतात आणि आतला उभा दंडगोल जसाच्या तसा बाहेर घेतात. त्याला कोअर म्हणतात. आपल्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात, २०१५ साली एका आंतरराष्ट्रीय मोहिमेनं असंच खोदकाम केलं. तिथं पाणीच साडेतीन किलोमीटरच्या वर खोल आहे. त्या मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक भारतीय होते. ते कोअर आता ठेवलेत कोचीला. मी म्हटलं, वा, केरळात. तर नाही, जपानातल्या कोचीला. आपल्या दारचा गाळ तिथं शीतगृहात आहे.

याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. एकच उदाहरण देते. नैर्ऋत्य मोसमी वारे जोरात वाहतात तेव्हा ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉइडिस नावाचा फोरॅम भरपूर वाढतो. गाळाच्या ज्या थरात तो जास्त, त्या काळात वारे जोरदार. म्हणजे हजारो वर्षांचा पावसाळा या साबुदाण्यांत मोजता येतो. पण त्यासाठी हा बुलॉइडिस आहे आणि तो शेजारचा दिसायला तसाच पण वेगळा आहे, हे आधी कुणीतरी ओळखायला हवं. म्हणून नाव लागतं. नाव चुकलं की पाऊसही चुकतो.

आता ओळखण्याचं हे काम कसं होतं, ते मी त्या शनिवारी पाहिलं. चिखलाचा तुकडा पाण्यात भिजत घालायचा. मग चाळणीवर नळाच्या बारीक धारेखाली धुवायचा. चाळणीचं भोक ६३ मायक्रॉनचं, म्हणजे साधारण केसाच्या जाडीएवढं. उरलेला गाळ भट्टीत वाळवायचा. मग ट्रेमध्ये पसरायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत, तीन शून्यांचा ब्रश पाण्यानं ओलावून, त्याच्या टोकानं एकेक शिंपला उचलायचा आणि साठ घरांच्या स्लाइडवर डिंकानं चिकटवायचा. एका नमुन्यातून निदान तीनशे. असे नमुने एका कोअरमधून शंभर-दीडशे. हिशेब करा. उचलणं म्हणजे ‘पिकिंग’. त्या खोलीत चार जणी पिकिंग करत होत्या. चारही जणी बायका, चौघींची कंत्राटं सहा-सहा महिन्यांची. मी म्हटलं, “पुरुष का नाहीत?” तिथल्या एकीनं मान वर न करता उत्तर दिलं, “ताई, तांदूळ निवडायला कधी पुरुष बसलेत का?” आम्ही सगळ्याच हसलो. नंतर माझ्या मैत्रिणीनं मला बाहेर सांगितलं की हे वाक्य तिला अजिबात आवडत नाही. तांदूळ निवडताना खडा तेवढा ओळखावा लागतो. इथं दीडशे-दोनशे प्रकार ओळखावे लागतात, तेही मोडके, झिजलेले, चिखल भरलेले. याला ‘बायकी चिकाटी’ म्हटलं की पगार कमी ठेवायला बरं पडतं.

आता मुख्य गोष्ट. तिला त्या कोअरमध्ये एक कुपी सापडली होती. तळाशी राहणाऱ्या, एकाच खोलीचं घर बांधणाऱ्या फोरॅमचा एक घोळका आहे. त्यातला एक मोठा गट लॅजीना. लॅटिनमध्ये लॅजीना म्हणजे कुपी, सुरई. हे प्रत्येक नमुन्यात एखाद-दोनच मिळतात, त्यामुळं मोजणी करणारे बहुतेकदा त्यांना ‘इतर’ या रकान्यात टाकून पुढं जातात. हिनं टाकली नाही. तिच्या कुपीच्या पोटावर उभ्या कंगोऱ्यांऐवजी मधाच्या पोळ्यासारखी नक्षी होती, पण फक्त खालच्या अर्ध्या भागावर. वरचा भाग गुळगुळीत. गळा मोडलेला. तिनं ज्येष्ठांना दाखवली. ते म्हणाले, झिजलेली आहे, वरची नक्षी घासून गेली असेल. शक्य होतं. तिनं वेगळ्या स्लाइडवर ठेवली. पुढच्या सात महिन्यांत आणखी दहा मिळाल्या. सगळ्यांची नक्षी बरोबर अर्ध्यावरच थांबलेली. झीज अशी रेघ मारल्यासारखी थांबत नाही.

मी उत्साहानं म्हटलं, “म्हणजे नवीन प्रजाती!” (इथं एक कंस उघडते. मराठी विश्वकोशात यासाठी ‘जाती’ असा शब्द आहे आणि ‘प्रजाती’चा अर्थ वेगळा आहे. पण ‘जात’ हा शब्द माझ्या कामात मी दिवसातून दहा वेळा दुसऱ्याच अर्थानं ऐकते, म्हणून मी वर्तमानपत्रांतला ‘प्रजाती’ वापरते.) ती म्हणाली, “इतकं सोपं नाही गं.” आणि मग तिनं मला जे सांगितलं, त्यानं मला माझ्या केसपेपरांची आठवण झाली.

नवीन प्रजाती म्हणजे नुसती नवी दिसलेली वस्तू नव्हे. तिचं रीतसर वर्णन छापावं लागतं. प्राण्यांना नावं देण्याची एक आंतरराष्ट्रीय नियमसंहिता आहे आणि फोरॅम, रेडिओलॅरिया तिच्याच कक्षेत येतात. त्या संहितेप्रमाणे, ही इतरांपेक्षा कशात वेगळी, ते शब्दांत लिहावं लागतं. एक नमुना ‘होलोटाइप’ म्हणून ठरवावा लागतो, म्हणजे पुढं वाद झाला तर ज्याच्याकडं बोट दाखवायचं तो एकच शिंपला. २००० सालापासून तो कुठल्या संग्रहात ठेवलाय तेही लिहावं लागतं. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे १७५८ सालापासून आजवर कुणी, कुठंही, हिचं वर्णन आधीच केलेलं नाही ना, हे पाहावं लागतं. कारण आधीचं नाव तेच खरं नाव. शंभर वर्षांपूर्वी कुणी एखाद्या जर्नलमध्ये दोन ओळी लिहिल्या असतील, तरी त्या तुमच्या दहा पानांच्या वर बसतात.

हे शोधताना ती ज्या जुन्या ग्रंथांत शिरली, त्यांत मीही तिच्या मागून शिरले. तिला कुपी हवी होती, मला माणसं हवी होती. मी कुठलाही लेख वाचताना शेवटून सुरुवात करते, ऋणनिर्देशापासून. खोड आहे.

खोल समुद्राच्या अभ्यासाची सुरुवात सांगतात ती इंग्लंडच्या ‘चॅलेंजर’ जहाजाच्या सफरीपासून. १८७२ ते १८७६, आर्क्टिक सोडून बाकीच्या महासागरांतून. जहाजावर एकही बाई नव्हती. त्या गाळावर पुढं पन्नास खंड छापले गेले. त्यात हेन्री ब्रेडी यांनी १८८४ मध्ये फोरॅमिनिफेरांवर लिहिलं, ११५ चित्रपाट्यांसह. एर्न्स्ट हेकेल या जर्मन शास्त्रज्ञानं १८८७ मध्ये रेडिओलॅरियांवर लिहिलं. एकट्या माणसानं एका ग्रंथात साडेतीन हजार नव्या प्रजाती! चित्रं इतकी देखणी की लोक ती आजही भिंतीवर लावतात. पण माझ्या मैत्रिणीचं मत वेगळं. तिच्या म्हणण्याप्रमाणे सुंदर चित्रं आणि भराभर दिलेली नावं हे पुढच्यांच्या डोक्यावरचं कर्ज असतं. हेकेलच्या कित्येक नावांचं पुढं काय करायचं ते कळेना. गाळात सापडणारं जसंच्या तसं त्या चित्रांशी जुळेना, आणि एकाच प्रजातीला दोन-दोन नावं पडलेली. ते निस्तरायला पुढच्या पिढ्या लागल्या.

निस्तरणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत, आणि हे मला आधी माहीत नव्हतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या शॅरन गावी जोसेफ कुशमन नावाचे फोरॅमचे मोठे अभ्यासक होते. घराशेजारीच त्यांची खासगी प्रयोगशाळा. तिथं सहायक म्हणून काम केलेल्यांत फ्रान्सिस पार्कर आणि रूथ टॉड या दोघी. १९४९ मध्ये कुशमन वारले, त्यांचा प्रचंड संग्रह वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये गेला, आणि टॉड फोरॅमवरच काम करत राहिल्या. पार्कर पुढं कॅलिफोर्नियाच्या स्क्रिप्स संस्थेत गेल्या. १९६२ मध्ये त्यांनी पॅसिफिकच्या गाळातल्या तरंगत्या फोरॅमवर एक लेख लिहिला. तोवर मुख्यतः खोल्या किती आणि कशा रचलेल्या, यावरून वर्गवारी करत. पार्करनी कवचाची भिंतच बारकाईनं पाहिली. जिवंतपणी अंगावर काटे होते की नव्हते, याच्या खुणा मेल्यावरही भिंतीवर राहतात. त्यावरून त्यांनी गट पाडले. काटेवाले आणि बिनकाटेवाले हा फरक आजही तरंगत्या फोरॅमच्या वर्गीकरणाचा पाया आहे. वर्षानुवर्षं भिंगाखाली लाखभर शिंपले गेलेल्या डोळ्यांनाच हे दिसू शकतं, असं मला वाटतं. सहायकाचं काम म्हणून ज्याला हलकं मानतात, त्या कामातून हे आलं.

दुसरी बाई अँजेलिना मेसिना. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात ब्रूक्स एलिस यांच्याबरोबर तिनं फोरॅमिनिफेरांची सूची केली. जगात कुठल्याही भाषेत छापलेलं प्रत्येक नाव, त्याचं मूळ वर्णन, मूळ चित्र. पहिले खंड १९४० मध्ये निघाले. अमेरिकेत मंदी होती, सरकारनं बेकारांसाठी कामं काढली होती, आणि त्या योजनेतली माणसं या सूचीला मिळाली. आपल्या रोजगार हमीवर रस्ते आणि पाझर तलाव झाले. त्यांच्याकडं एक सूचीही झाली! माझी मैत्रीण आजही आधी ‘एलिस-मेसिना’ उघडते. ती ‘मेसिनाबाई काय म्हणतायत बघू’ असंच म्हणते.

तिसरी गोष्ट खोल समुद्राची नाही, पण सोडवत नाही. टेक्ससमधल्या तेलविहिरींत विंध्यणाच्या पात्यानं मोठे शंख-शिंपले चुरडून जात. फोरॅम इतके बारीक की ते वाचत. तेल कंपन्यांत नोकरी करणाऱ्या तीन तरुणींनी, म्हणजे एस्थर रिचर्ड्स, अल्वा एलिसर आणि हेडविग नीकर यांनी, त्यांच्यावरून खडकाचं वय सांगायला सुरुवात केली. १९२१ मध्ये एस्थरनं हे एका भूशास्त्र परिषदेत मांडलं, तेव्हा एका प्राध्यापकानं उठून, ही कालची कॉलेजातली पोर आपल्याला काय शिकवते, असं होऊच शकत नाही, अशा अर्थाचं भरसभेत ऐकवलं. १९२५ मध्ये तिघींचा लेख छापून आला, तोवर एस्थर लग्न होऊन एस्थर ॲपलिन झाली होती. आणि मग तेल कंपन्यांनीच सूक्ष्मजीवाश्मांच्या प्रयोगशाळा काढल्या. मान्यता मिळाली ती तेल लागलं म्हणून. याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही.

जहाजावर मात्र बायकांना फार उशिरा घेतलं. समुद्रतळाचा नकाशा जिनं काढला त्या मारी थार्पलाही साठीचं दशक सरत येईपर्यंत संशोधन जहाजावर पाऊल ठेवता आलं नव्हतं. दुसऱ्यांनी आणलेल्या आकड्यांवरून तिनं डोंगर काढले. १९६८ मध्ये खोल समुद्रात खोदकाम करणारं ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाज निघालं. त्याच्या दुसऱ्या फेरीवर दोन बायका शास्त्रज्ञ होत्या, दोघी सूक्ष्मजीवाश्मांच्या अभ्यासक: इटलीच्या मारिया बियांका चीता आणि कॅथरिन निग्रिनी. चीताबाई पुढं १९७० मध्ये भूमध्य समुद्रावरच्या फेरीतही होत्या, जिथं मिठाचे थर सापडले आणि हा सगळा समुद्र पन्नासएक लाख वर्षांपूर्वी जवळजवळ आटला होता असा निष्कर्ष निघाला. मिठाच्या वरचा आणि खालचा गाळ कुठल्या काळातला, हे सांगणारे फोरॅम त्यांच्याच भिंगाखाली होते. आपल्याकडं १९८३ च्या डिसेंबरात अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला निघाल्या, तेव्हा अदितीताई गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत होत्या. नागपूरची मुलगी. आमच्या शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा असता तर बरं झालं असतं.

निग्रिनींनी १९६७ मध्ये हिंदी महासागर आणि अटलांटिकमधल्या रेडिओलॅरियांवर लिहिलं होतं. त्यांच्या नावानं एक रेडिओलॅरियन आहे: लॅम्प्रोसिर्टिस निग्रिनी. कोले नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १९७१ मध्ये नाव दिलं. या नावाच्या शेपटीत एक गंमत आहे. लॅटिनच्या नियमानं पुरुषाच्या सन्मानार्थ नाव दिलं तर शेवटी एक प्रत्यय लागतो, बाईच्या नावानं दिलं तर दुसरा. अनेक पुरुष असतील तर तिसरा, अनेक बायका असतील तर चौथा. आणि अनेक बायकांत एक जरी पुरुष असला तर? मग सगळ्यांना मिळून पुरुषांचा तिसरा. हे संहितेत लिहिलेलं आहे. आपण तरी काय वेगळं करतो, ‘आई-वडील आले’ असंच म्हणतो. निग्रिनींच्या नावाला बाईचा प्रत्यय आहे. उच्चारताना तो आपल्याला ऐकू येत नाही, लिहिताना दिसतो.

पण मला सलणारी गोष्ट वेगळी आहे. नियमाप्रमाणे प्रजातीच्या नावापुढं नाव देणाऱ्याचं आडनाव आणि साल लिहितात. तो हक्क छापणाऱ्याचा. ज्या हातानं ती गाळातून उचलली, त्याला संहितेत रकाना नाही. लिहायचंच म्हटलं तर ऋणनिर्देशात लिहिता येतं. मी वाचलेल्यांपैकी काहींनी लिहिलंय, अगदी नावानिशी. काहींनी ‘प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांचे आभार’ एवढ्यावर भागवलंय.

हे मी मोठ्या तावातावानं मैत्रिणीला सांगितलं. तिनं मला थांबवलं. म्हणाली, “तू मला बिचारी करू नकोस. सर वाईट नाहीत. त्यांनीच मला रविवारी किल्ली दिली, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर दोन तासांचा वेळ त्यांनीच मागून घेतला. लेख झाला तर पहिलं नाव माझंच, असं ते म्हणालेत. अडचण सरांची नाहीये. अडचण वेळेची आहे.”

ती कशी, ते सांगते. प्रकल्पाला पैसे मिळतात ते पावसाळ्याचा इतिहास काढण्यासाठी. नवीन प्रजातीचं वर्णन करणं हे प्रकल्पाच्या कागदात कुठंच नाही. ते झालं काय, न झालं काय, अहवालात फरक पडत नाही. आणि वर्णनाला लागतात वर्षं. ब्रेडींनी लॅजीना या एकाच नावाखाली पुष्कळ वेगवेगळ्या कुप्या टाकल्यात, त्या आता चार-पाच गटांत विभागल्या आहेत. त्यातल्या दोन कुप्या हिच्या कुपीच्या फार जवळच्या वाटतात. चित्रात अर्ध्यावरची रेघ दिसत नाही. पण चित्रकारानं काढली नसेल असंही असू शकतं. मूळ शिंपले लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत. ते पाहिल्याशिवाय ही नवीन म्हणणार नाही, असा तिचा हट्ट आहे. मी म्हटलं, छापून टाक, चुकलं तर चुकलं. तर भडकलीच. “हेकेलसारखं करू? पन्नास वर्षांनी दुसरी कुणी बसेल माझी घाण काढत.”

आणि असं अजून किती पडलंय याचा अंदाज हवा असेल तर ऐका. बर्लिनच्या संग्रहालयातल्या दोघा अभ्यासकांनी, रेनोदी आणि लॅझारस यांनी, २०१२ पासून दक्षिण महासागराच्या गाळातल्या नव्या रेडिओलॅरियांवर एक लेखमालाच छापली. २०१६ पर्यंत चार भाग. माल नव्यानं आणलेला नव्हता. आधीच्या खोदकामांतला, कपाटात ठेवलेला, अनेकांनी पाहून झालेला. पाहिलेले सगळे ओळखीच्या प्रजाती मोजून पुढं गेले होते. अनोळखी होत्या त्या ‘इतर’ मध्ये.

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा प्रकल्प संपला. अकरा कुप्यांची स्लाइड त्या संस्थेतल्या एका कपाटात, तिच्या हस्ताक्षरातल्या क्रमांकासह ठेवलेली आहे. त्यातल्या एकीवर फोटोसाठी सोन्याचा मुलामा चढवलाय. म्हणाली, आमच्या घरात लग्नानंतर आलेलं एवढंच सोनं. वर्णनाचा कच्चा मसुदा तिच्या वहीत अडीच पानं. दोन महिने ती घरी बसली. सासूबाई म्हणाल्या, आता बी.एड. कर. मग त्याच संस्थेत दुसऱ्या प्रकल्पात, दुसऱ्या कोअरवर, पुन्हा सहा महिन्यांचं काम मिळालं. पुन्हा भिजवणं, धुणं, तीनशे मोजणं. ‘इतर’ चा रकाना तिनं या वेळी घरून छापून नेला, त्यात बारा उपरकाने पाडले.

मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला तिचा फोन आला. मला वाटलं, घरात काही झालं. माझ्या कामामुळं रात्रीच्या फोनला मी तशीच घाबरते. ती म्हणाली, “मिळाली.” पहिल्या कोअरपासून चारेकशे किलोमीटर दूर, वेगळ्या खोलीवर, तीच अर्ध्यावर थांबलेली नक्षी. आणि या वेळी गळा शाबूत. लांब, जरासा वाकडा, तोंडाशी बारीकशी कड. आधीच्या अकरांपैकी एकीलाही गळा नव्हता, त्यामुळं तो कसा असेल हे वर्णनात लिहिताच येत नव्हतं.

मी म्हटलं, “म्हणजे ही बारावी. आता बारसं करायला हरकत नाही.”

ती हसली. म्हणाली, “थांब अजून. आधी लंडनच्या दोघी बघू दे.”